नो मॅन्स स्काय : उशिरा पाळलेला शब्द

'नो मॅन्स स्काय' हा व्हिडिओ गेम आज नव्याने सुरू केला, तर पहिल्या काही मिनिटांतच तो खेळाडूला कामाला लावतो. आपण एका अनोळखी, प्रतिकूल ग्रहावर उभे असतो, स्कॅनर बिघडलेला असतो, अवकाशसूटची संरक्षण-पातळी झपाट्याने घसरत असते आणि ती भरून काढणारे सोडियम देणारे पिवळे झुडूप सापडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. पुढे यान दुरुस्त होते, आपण उड्डाण करतो आणि मध्ये एकदाही 'लोडिंग'ची पाटी न येता जमीन व ढग मागे टाकून थेट अवकाशात पोहोचतो. हे उड्डाण मी कितीदा तरी केले आहे, तरी ते अजून शिळे झालेले नाही. आज हा गेम विकत घ्यावा, असेच माझे मत आहे. मात्र २०१६ साली ज्यांनी तो घेतला त्यांच्या हाती हा गेम पडला नव्हता, आणि परीक्षणातून तेवढा भाग गाळणे मला रास्त वाटत नाही.

इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या हॅलो गेम्स या छोट्या स्टुडिओने डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा पहिला ट्रेलर दाखवला आणि पुढच्याच वर्षी ई-थ्री या व्हिडिओ गेम्सच्या मेळाव्यात तो सोनीच्या मंचावर झळकला. १८ वर १८ शून्ये लिहावीत त्याहूनही अधिक ग्रह गणिती सूत्रांतून निर्माण होतात, हा दावा खरा होता आणि आजही खरा आहे. गोची झाली ती इतर उत्तरांत. खेळाडू एकमेकांना भेटू शकतील का, या प्रश्नावर स्टुडिओचे प्रमुख शॉन मरे यांनी मुलाखतींमधून अशी उत्तरे दिली की, विश्व अफाट असल्यामुळे भेट दुर्मीळ असेल, पण अशक्य नसेल, असाच अर्थ कोणीही काढावा. ९ ऑगस्ट २०१६ रोजी गेम बाजारात आला आणि लगेचच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच ठिकाणी, एकाच वेळी जाऊन उभे राहिले. दोघांनाही समोर कोणी दिसले नाही.

हा मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा, गेम नाही, त्या अपेक्षेने येऊ नका, असे मरे यांनी समाजमाध्यमावर स्पष्ट लिहिले होते. पण ते गेम बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर, म्हणजे प्री-ऑर्डर (आगाऊ खरेदी) केलेल्यांचे पैसे केव्हाच गुंतल्यानंतर. खरे बोलण्याला वेळेचेही बंधन असते, हे या व्यवसायात सोयीस्करपणे विसरले जाते. जाहिरातीचा ट्रेलर लाखो लोक पाहतात आणि खुलासा मात्र रोज तिथे डोकावणाऱ्यांनाच दिसतो.

पुढे स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानातील जाहिरातीविरुद्ध ब्रिटनच्या जाहिरात-मानक प्राधिकरणाकडे तक्रारी गेल्या, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये प्राधिकरणाने ती जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्णय दिला. निर्णय नियमांना धरून असेल. पण नियमभंग झाला नाही म्हणजे चाहत्यांशी सरळपणे वागणे झाले, असे होत नाही. परताव्याची सोयही इथे तोकडी पडते. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत, आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल, तर स्टीम सहसा पैसे परत करते. या गेमचे पहिले दोन तास सोडियम शोधण्यात, यान जोडण्यात आणि त्या पहिल्या उड्डाणाच्या आनंदात निघून जातात. ग्रहाग्रहांत खरेच किती वैविध्य आहे, हे पन्नासाव्या ग्रहावर उतरल्याशिवाय कळत नाही.

'सायबरपंक २०७७' या दुसऱ्या एका गेमची गोष्ट मला याहून गंभीर वाटते. डिसेंबर २०२० मध्ये तो प्रसिद्ध होण्यापूर्वी समीक्षकांना फक्त पीसीवरची आवृत्ती मिळाली. जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर) तो कसा रडतखडत चालतो, हे ग्राहकांना विकत घेतल्यावर समजले. सोनीने तो आठवड्याभरातच आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि तो परतला २०२१ च्या जूनमध्ये. अपुरे राहिलेले काम समजून घेता येते. झाकून ठेवलेले नाही.

हॅलो गेम्सने मात्र काम सोडले नाही. प्रसिद्धीनंतरचे काही महिने स्टुडिओने जवळजवळ मौनच पाळले आणि ते मौन चाहत्यांना अधिक झोंबले. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये 'फाउंडेशन' हे अपडेट आले, जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट'मध्ये खेळाडू एकमेकांना खरोखर दिसू लागले आणि २०१९ च्या 'बियाँड'मध्ये व्हीआरची (आभासी वास्तवाची) भर पडली. हे सगळे जुन्या ग्राहकांना फुकट मिळाले. माझ्या लेखी याहून मोलाचा बदल स्टुडिओच्या बोलण्यात झाला : आता अपडेट तयार झाल्यावर, किंवा अगदी होत आल्यावरच, त्याची वाच्यता होते. आज ॲनॉमली या अवकाशस्थानकावर यान उतरवले की आजूबाजूला जगभरातले खेळाडू आपापल्या यानांभोवती वावरताना दिसतात. दृश्य सुखावणारे आहे, पण ते विकले गेले होते प्रत्यक्षात येण्याच्या दोन वर्षे आधी.

याच स्टुडिओने डिसेंबर २०२३ मध्ये 'लाइट नो फायर' जाहीर केला असून त्यात पृथ्वीएवढा एक ग्रह सर्व खेळाडूंनी मिळून पालथा घालायचा आहे. ट्रेलर मलाही आवडला. तरीही मी प्री-ऑर्डर करणार नाही. दोन अनोळखी खेळाडू एकाच टेकडीवर उभे राहिल्यावर एकमेकांना दिसतात का, ते आधी पाहीन.