ऑलिंपस म्यू-२ आणि दोनदा दाबावे लागणारे बटण

१९९७ साली बाजारात आलेला ऑलिंपस म्यू-२ हा फिल्मचा छोटा कॅमेरा गेले काही महिने सतत वापरतो आहे. त्याच्या ३५ मिमी, एफ २.८ लेन्सचे गोडवे सर्वांनी गाऊन झाले आहेत आणि ते खोटे नाहीत, त्यामुळे मी फ्लॅशविषयीच लिहितो.

पुढचे झाकण सरकवले की कॅमेरा चालू होतो आणि दर वेळी फ्लॅश ‘ऑटो’वरच असतो, म्हणजे उजेड कमी वाटला की आपोआप उडतो. आपण तो बंद करून ठेवलेला असला तरी झाकण मिटताच ती निवड पुसली जाते, आणि पुन्हा पाठीमागचे इवलेसे बटण नखाने दोनदा दाबावे लागते. पहिल्यांदा लाल डोळे टाळणारा फ्लॅश येतो, दुसऱ्यांदा तो बंद होतो. भाजे लेण्यांतल्या चैत्यगृहात काढलेल्या एका फ्रेममध्ये फ्लॅश उडाल्याने जवळचे दोन खांब पांढरेफटक पडले आहेत आणि मागचा स्तूप काळोखात गडप झाला आहे. रोल, धुलाई आणि स्कॅन यांचे पैसे मोजणाऱ्याला अशी एक फ्रेमही खुपते.

चुलतबहिणीच्या हळदीत मात्र माझे मत बरेच मवाळ झाले. कॅमेरा मावशींच्या हाती दिला; त्यांनी झाकण उघडले, फोटोचे बटण दाबले, बस्स. मांडवातल्या मंद उजेडातही सगळे चेहरे स्वच्छ आले, कुणाच्या गालावरची हळदसुद्धा ओळखू येते. हा कॅमेरा ज्या गिऱ्हाइकासाठी घडवला ते मावशींसारखे होते, हे मान्य करावे लागते. तरीही झाकण उघडताना माझा अंगठा आपोआप फ्लॅशच्या त्या बटणाकडे जातो.

काटकसर करणाऱ्यांसाठी एक सूचना. सिनेमाची फिल्म कापून भरलेले स्वस्त रोल घेत असाल, तर डबीवर डीएक्सचे, म्हणजे फिल्मचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्याला कळवणारे, चंदेरी-काळे चौकोन आहेत का ते पाहा. ते नसतील तर हा कॅमेरा प्रत्येक रोल १०० आयएसओचाच धरतो आणि तो बदलण्याची सोय नाही. ४०० च्या निगेटिव्ह फिल्मला दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट, प्रकाश मिळाला तरी ती सहसा निभावून नेते. स्लाइड फिल्मला मात्र इतका जास्त प्रकाश सोसत नाही, तिच्या वाटेला जाऊ नका.

दुरुस्तीवाल्याने तर, सर्किट गेले तर आणू नका, सुटे भाग मिळत नाहीत, असे आधीच बजावले आहे. मला हा एका नातेवाइकाच्या कपाटातून फुकट मिळाला. आज जुन्या बाजारात त्याची जी किंमत सांगतात, ती देऊन मी तो घेतला नसता.