चाळिशीत खांदा झिजला तर: अर्धा सांधा की पूर्ण?
खांद्यात दंडाच्या हाडाचा गोल खवाट्याच्या उथळ वाटीत फिरतो. औषधं, व्यायाम, इंजेक्शनं करूनही झोप उडाली, तर प्रश्न येतो: फक्त गोल बदलायचा की वाटीही?

अमेरिकेचे डॉ. चार्ल्स नीअर यांनी धातूच्या गोलाचे अनुभव १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. या अर्ध्या सांध्यात प्लास्टिकची वाटी नसते, त्यामुळे ती सैल होण्याची भीतीही नाही. वजन उचलणाऱ्यांना म्हणूनच तो जवळचा वाटतो. पण धातू मूळच्या वाटीवर घासत राहतो, हाड झिजतं आणि काहींचं दुखणं परततं. काही सर्जन वाटी घासून गोलाच्या मापाची करतात. मग महिनोन्‌महिने नेटाने व्यायाम हवा.

पूर्ण सांध्यात वेदना अधिक खात्रीने थांबतात. अडचण वयाची. पुढे तीस-चाळीस वर्षं वापर असेल, तर वाटी सैल होऊन पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता मोठी.

‘आधी अर्धा, नंतर पाहू’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. वाटीचं हाड झिजल्यावर नवी वाटी बसवणं कठीण जातं. बैठं काम असेल, तर मी पूर्ण सांध्याकडे झुकेन. हमाली किंवा शेतीचं असेल, तर अर्ध्याचा विचार नक्की करेन.