अर्का अनामिका भेंडीचं बी: उन्हाळी गच्चीबागेसाठी

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या बागेकडे बघत बसायला फार धीर लागतो. आमच्या बेळगावच्या वडगावात सध्या टोमॅटोला फुलं भरभरून येतायत आणि देठासकट गळतायत. दुकानात गेलं की लगेच टॉनिकची बाटली पुढे करतात. घेऊ नका. पारा 35 अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात. बाटलीनं ऊन उतरत नाही. शेडनेट बांधा, मुळं ओली ठेवा, वळवाची वाट बघा.

भेंडीचं तसं नाही. तिला तापलेली मातीच लागते. अर्का अनामिका हे बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागवानी संशोधन संस्थेचं वाण, रानभेंडीशी संकर करून काढलेलं. त्यामुळे पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या हळद्या रोगाला ते चांगलं तोंड देतं. बाजूच्या कुंडीतल्या दुसऱ्या भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडली, ही अजून हिरवीगार आहे. रात्रभर भिजवून लावलेलं बी जवळजवळ सगळं उगवलं.

पहिली भेंडी हाती यायला साधारण दीड महिना जातो, आणि त्यातले शेवटचे दिवस सरता सरत नाहीत. मग एका सकाळी फूल उमलतं. फिकट पिवळ्या पाकळ्या, बुडाशी गडद जांभळा डाग. पाकळी उलटून बघा, मागच्या बाजूलाही तो असतो. दुपारपर्यंत फूल मिटलेलं. तिथून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायलाच हवी. शेंडा कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर उशीर झाला. लव कमी, त्यामुळे तोडताना हाताला खाज नाही. लसूण-मिरचीवर परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली, बाजारच्या भेंडीला ही चव नाही!

भेंडी लावलेली पिशवी तापल्या स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली विटा द्या. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, म्हणून मी मातीवर उसाचं पाचट पसरते आणि संध्याकाळीच पाणी घालते.

पाचपैकी पाच तारे. हे सरळ वाण आहे, म्हणजे घरच्या बियांपासूनही तशीच भेंडी येते; एक-दोन भेंड्या झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षाचं बी घरचंच. मागताना वाणाचं नाव सांगा, नुसतं ‘भेंडीचं बी’ म्हटलं की हायब्रीडची पुडी हातात देतात.