ऐंशीच्या दशकारंभीचे सहा अल्बम : एलपी, सीडी की नुसतं स्ट्रीमिंग?

टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) घरात आलं की पहिली यादी बहुतेकांची सारखीच असते. मायकल जॅक्सनचा थ्रिलर, एसी/डीसी बँडचा बॅक इन ब्लॅक, डायर स्ट्रेट्स बँडचं काहीतरी. ते कशावर ऐकावं, या प्रश्नाला 'एलपीच भारी' (एलपी म्हणजे मोठी तबकडी) हे सरसकट उत्तर मिळतं, पण १९८० ते १९८३ या काळाला ते लागू पडत नाही. याच तीन-चार वर्षांत काही अल्बम ॲनालॉग टेपवर (आवाजाची लहर जशीच्या तशी) झाले, काही डिजिटल टेपवर (आवाज आकड्यांत) आणि एक तर चक्क कॅसेटवर. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडीही विक्रीला आली. त्यामुळे प्रत्येक अल्बमसाठी दोन गोष्टी पाहाव्यात: मूळ ध्वनिमुद्रण कशावर झालं आणि तबकडीच्या एका बाजूवर किती मिनिटं कोंबली आहेत.

दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण पैसे बहुधा तिथेच वाया जातात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१ सेंमी. तोच आवाज आत निम्म्याहून कमी जागेत बसवावा लागतो. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात, झांजा खरखरतात. बाजू लांब झाली की खोबणी जवळजवळ कोराव्या लागतात, मग कोरणारा आवाजाची पातळी उतरवतो किंवा खर्ज कापतो. वीस मिनिटांपर्यंत आराम, बावीसपर्यंत ठीक, पंचविसाच्या पुढे तडजोड दिसायला लागते. साध्या शंकूच्या टोकाच्या सुईवर हा त्रास जास्त, लंबवर्तुळी टोकावर कमी.

थ्रिलर (१९८२): एलपी, पण महाग नको

हा अल्बम एलपीच्या मापाने कापलेला आहे, आणि तो तसा कापावा लागला. निर्माता क्विन्सी जोन्स आणि ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत काम संपवलं, चाचणी तबकडी लावली, तर आवाज बारीक. बाजू लांबल्या होत्या. मग गाणी छाटली, गीतकार रॉड टेम्परटनने 'द लेडी इन माय लाइफ'मधलं एक कडवं काढलं आणि सगळं पुन्हा मिक्स केलं, म्हणजे आवाज-वाद्यांच्या पातळ्या नव्याने जुळवल्या. आज आपल्या हातात येणाऱ्या तबकडीची पहिली बाजू सुमारे २० मिनिटांची आणि दुसरी सुमारे २२ मिनिटांची आहे, ती त्या छाटणीमुळे. 'बिली जीन'चे स्विडीनने ९१ मिक्स केले आणि शेवटी दुसऱ्या क्रमांकाचा वापरला. त्या गाण्याच्या ड्रमसाठी त्याने प्लायवूडचा खास चौथरा बांधून घेतला होता. चांगल्या प्रतीवर पहिल्या चार ठोक्यांतच तो कोरडा, घट्ट आवाज ओळखू येतो.

जुनी प्रत तपासायची तर पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावा. शीर्षकगीतातलं भयपटांतला नट व्हिन्सेंट प्राइसचं निवेदन अगदी आतल्या खोबणीत येतं. तिथे प्रत्येक 'स'ला चरचर ऐकू आली, तर आधीच्या मालकाने झिजलेल्या सुईने ती घासली आहे असं समजा आणि परत ठेवा. या अल्बमच्या कोट्यवधी प्रती निघाल्या, सीबीएसने भारतातही छापल्या. तेव्हा 'दुर्मिळ' म्हणून कोणी भाव सांगत असेल तर हसून पुढे जावं. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ही तबकडी आज नाही तर उद्या सापडतेच.

सीडी घ्यायची तर जुनी साधी आवृत्ती घ्या. २००८ ची पंचविशीची आवृत्ती चढ्या पातळीवर मास्टर केलेली (छपाईआधी अंतिम आवाज ठरवलेली) आहे आणि तिच्यावरचे रीमिक्स एकदा ऐकून विसरण्याजोगे आहेत. नव्या महागड्या एलपींबद्दलही एक गोष्ट ध्यानात असू द्या. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या ज्या तबकड्या लोक शुद्ध ॲनालॉग समजून घेत होते, त्यातल्या बऱ्याच डीएसडी या प्रकारच्या डिजिटल फाइलवरून कोरलेल्या होत्या, हे २०२२ मध्ये बाहेर आलं. ऐकायला त्या वाईट नाहीत. फक्त 'डिजिटलचा स्पर्श नाही' या एका कारणासाठी जास्त पैसे मोजत असाल, तर ते कारणच उरत नाही.

बॅक इन ब्लॅक (१९८०): एकच एलपी घ्यायची तर ही

एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी गेला. २५ जुलैला नवा गायक ब्रायन जॉन्सनच्या आवाजातला अल्बम बाजारात होता. बहामातल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत ध्वनिमुद्रण, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत मिक्स. निर्माता मट लँग, ध्वनिमुद्रक टोनी प्लॅट. दोन गिटार, बास, ड्रम, आवाज. मधली जागा मोकळी सोडलेली, प्रतिध्वनी बेताचा. असा आवाज एलपीवर उत्तम उतरतो. शिवाय गिटारच्या आवाजातच मुळात फाट असल्याने सुईची थोडीफार ओढाताण त्यात खपून जाते. साध्या टर्नटेबलवाल्यासाठी हा छुपा फायदा आहे.

तोटा एकच आणि तो पहिल्या मिनिटातच कळतो. 'हेल्स बेल्स' नुसत्या घंटेने सुरू होतं. टोल्यांच्या मधल्या शांततेत तबकडीचा सगळा करकराट उघडा पडतो. सुई टाकायची जागाही तीच, त्यामुळे तिथे ओरखडे सर्वांत जास्त. घंटेवर चारदोन टिकटिक चालवून घ्या. गिटार सुरू झाल्यावरही करकर ऐकू येत असेल तर मात्र प्रत नको. दोन गिटार दोन बाजूंना ठेवलेल्या असल्याने कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) नीट बसली आहे का हेही या तबकडीवर लगेच कळतं. एक बाजू दबलेली वाटली तर आधी हेडशेलमधल्या (कार्ट्रिज जिथे बसते त्या टोकातल्या) चार वायरी आणि झुकाव तपासा. स्ट्रीमिंगवरही अल्बम दमदार वाजतो, तेव्हा एलपी नसली म्हणून काही बिघडत नाही.

लव्ह ओव्हर गोल्ड (१९८२): सीडी

इथे वाद होईल, होऊ दे. डायर स्ट्रेट्सचा हा अल्बम न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन या स्टुडिओत झाला. निर्माता स्वतः बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर, ध्वनिमुद्रक नील डॉर्फ्समन. गाणी फक्त पाच, त्यात 'टेलिग्राफ रोड' एकटं चौदा मिनिटांचं. पहिली बाजू त्याने आणि 'प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेशन्स'ने भरली आहे, जवळपास २१ मिनिटं. मापाने ठीक. अडचण क्रमात आहे. नायलॉनच्या तारांची गिटार, कुजबुजल्यासारखा आवाज, मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे हलके ठोके आणि मध्येच अंगावर येणारे दणके असं सगळं त्या शेवटच्या गाण्यात आहे, म्हणजे तबकडीच्या सर्वांत अडचणीच्या जागी. निर्दोष प्रत, चांगली सुई आणि धूळमुक्त घर असेल तर एलपी सुंदर वाजते. आपल्याकडची जुनी प्रत, पावसाळ्यात बुरशी धरलेलं कव्हर आणि साधी सुई एवढंच असेल तर त्या कुजबुजीवर टिकटिक बसते आणि गाण्याची मजा जाते.

सीडीवर ती शांतता शाबूत राहते. आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवून ऐका, कारण अल्बमची सरासरी पातळी मुद्दाम खाली आहे. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर गाण्यांचं क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं मिसळणं) बंद करा, नाहीतर 'टेलिग्राफ रोड'चं विरत जाणारं टोक पुढच्या गाण्याखाली दबतं. 'इंडस्ट्रियल डिसीज' या सगळ्यात उपरं वाटतं, हे खरंच.

द नाइटफ्लाय (१९८२): सीडी किंवा फाइल, पण कोणती ते बघून

स्टीली डॅन बँडमधल्या डोनल्ड फेगनचा हा पहिला एकट्याचा अल्बम निर्माता गॅरी कॅट्झ आणि ध्वनिमुद्रक रॉजर निकोल्स यांनी थ्रीएम कंपनीच्या ३२ ट्रॅकच्या डिजिटल यंत्रावर केला: एक इंची टेप, १६ बिट, सेकंदाला ५०,००० नमुने (आवाजाची मोजमापं). लाकूड, धूर आणि रेडिओची रात्र दाखवणारं कव्हर बघून ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नाही. 'एलपीवर ॲनालॉगची ऊब' हा युक्तिवाद या अल्बमला लावता येत नाही, कारण एलपीही त्याच आकड्यांवरून कोरलेली आहे. एलपी वाईट आहे असं नाही. बॉब लुडविगने केलेल्या मास्टरिंगची प्रत मिळाली तर ती ऐकण्यासारखी आहे. मात्र तिच्यासाठी सीडीच्या कितीतरी पट पैसे मोजायला कारण नाही.

दोन सापळे इथे आहेत. पहिला जुन्या सीडींचा. सुरुवातीच्या काही सीडी मूळ डिजिटल मास्टरऐवजी नकलेच्या नकलेवरून निघाल्या होत्या, आणि ही तक्रार खुद्द निकोल्सची आहे. 'आय.जी.वाय.' लावून झांजा ऐका. कापड टाकल्यासारख्या मंद वाटल्या तर दुसरी आवृत्ती शोधा. दुसरा सापळा हाय-रेझोल्यूशन फाइलचा. सेकंदाला ५० हजार, म्हणजे ५० किलोहर्ट्झ नमुन्यांत जेमतेम २५ किलोहर्ट्झपर्यंतचीच माहिती मावते. तेव्हा १९२ किलोहर्ट्झची फाइल विकत घेणं म्हणजे रिकाम्या जागेचे पैसे देणं. मूळ दर सीडीच्या ४४.१ पेक्षा वेगळा असल्याने रूपांतर नीट झालंय का, एवढाच खरा प्रश्न उरतो, आणि त्यासाठी ४८ किंवा ९६ ची फाइल पुष्कळ झाली.

नवीन स्पीकर तपासायला दुकानदार हा अल्बम का लावतात ते ऐकल्यावर कळतं. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलेलं, एकही सूर सांडत नाही. काहींना तो अतिच नेटका वाटतो. जेफ पोर्कारोने थ्रिलर आणि नाइटफ्लाय दोन्हींवर ड्रम वाजवले आहेत, तेव्हा 'बीट इट' आणि 'ग्रीन फ्लॉवर स्ट्रीट' पाठोपाठ लावून बघा. वादक एकच, पण दोन स्टुडिओंची दोन मतं त्यात ऐकू येतात.

नेब्रास्का (१९८२): स्ट्रीमिंग पुरे

ब्रूस स्प्रिंगस्टीनने ही गाणी न्यू जर्सीतल्या घरी टीॲक १४४ या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, दोन शुअर एसएम५७ मायक्रोफोन लावून केली. बँडला ऐकवण्यासाठी केलेला कच्चा खर्डा होता तो. बँडबरोबर पुन्हा केलेलं पटलं नाही, तेव्हा कॅसेटच अल्बम म्हणून काढायचं ठरलं. तबकडी कोरायला मात्र नाकी नऊ आले, शेवटी पातळी खाली ठेवून काम भागवावं लागलं. म्हणून या अल्बमची एलपी मुळातच दबक्या आवाजाची आहे आणि पृष्ठभागाचा करकराट तिच्यावर जास्त जाणवतो. टेपचा सुसकारा तर मूळ ध्वनिमुद्रणातच आहे, तो कुठल्याही रीमास्टरने जाणार नाही आणि जाऊही नये. जास्त बिटांची फाइल, जड तबकडी, खास पेटी यांतून ऐकण्यात काही भर पडत नाही. तो पैसा लव्ह ओव्हर गोल्डच्या स्वच्छ प्रतीला द्या.

सिंक्रॉनिसिटी (१९८३): आधी ठरवा, दहा गाणी की अकरा

'द पोलीस' या ब्रिटिश बँडचा हा शेवटचा स्टुडिओ अल्बम निर्माता ह्यू पॅजमने प्रामुख्याने कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरातच्या एअर स्टुडिओत केला. बँडमधले तिघे तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवत होते. (मार्च १९८० मध्ये हीच तिकडी मुंबईत वाजवून गेली होती.) खरेदीचा मुद्दा असा: मूळ एलपीवर दहा गाणी आहेत. 'मर्डर बाय नंबर्स' हे अकरावं फक्त सीडीवर आणि कॅसेटवर होतं. ते हवंच असेल तर सीडी घ्या. माझ्या मते अल्बम 'टी इन द सहारा'वर संपलेलाच बरा. त्यानंतर येणारं ते जॅझच्या अंगाचं गाणं वाईट नाही, पण तिथे ते शेपटासारखं चिकटतं. एलपीची पहिली बाजू सुमारे २१ मिनिटांची आहे आणि 'मदर'सारखं कान किटवणारं गाणंही तिच्यावरच आहे. दुसरी १९ मिनिटांच्या आत, 'एव्हरी ब्रेथ यू टेक'पासून सलग चार चांगली गाणी. बरेच जण ही तबकडी त्या एकाच बाजूसाठी ठेवतात, म्हणून जुन्या प्रतीत नेमकी दुसरीच बाजू झिजलेली असते.

कव्हरवरचे रंगाचे पट्टे आणि फोटो प्रतीप्रतीत वेगळे असतात. त्यावरून खरी-खोटी ठरवू नका. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काही प्रती दिसायला काळ्या असतात, पण दिव्यासमोर धरल्या की जांभळ्या दिसतात. ते प्लास्टिक चांगल्या प्रतीचं आहे आणि त्यावर करकर कमी येते. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून बघायला दोन सेकंद लागतात. त्याच उजेडात नखाला लागणारे ओरखडेही पाहून घ्या. नुसते दिसणारे बहुतेक वाजत नाहीत, नखाला अडणारे हमखास वाजतात. मधल्या भोकाभोवती लेबलावर टर्नटेबलच्या मधल्या खुंटीने उमटलेल्या पुष्कळ रेघा असतील तर ती तबकडी शेकडो वेळा लावली गेली आहे. घरी आणल्यावर लावण्याआधी एकदा ओली धुवा, मग आतलं जुनं कागदी पाकीट फेकून नवं घाला. त्या कागदाची धूळच पुन्हा खोबणीत जात असते.