सील बदलायला दिलेल्या कटरचा सिलिंडरच गेला

गेल्या मे महिन्यात एका दुरुस्तीवाल्याने माझ्या कटरमधला, म्हणजे चेन सॉमधला, अस्सल सिलिंडर-पिस्टन काढून घेतला आणि त्या जागी नकली बसवून मशीन मला परत दिली. मी फक्त ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) भोवतीचं हवा अडवणारं रबरी कडं, बदलायला दिली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पावती नाही आणि कागदाशिवाय कुणाचं नाव घेणं बरोबर नाही. पण हे कसं केलं ते सविस्तर लिहितो. आमच्या दापोली-मंडणगडकडे निसर्ग वादळानंतर घरोघरी कटर आले, त्यातले बरेच आता जुने झालेत आणि पावसाच्या तोंडावर दुरुस्तीला जातात.

माझी मशीन स्टिल कंपनीची एमएस ३८०. ७२ सीसीचं इंजिन. थोरल्या काकांनी घेतलेली, त्यांचे हात थकले तशी माझ्याकडे आली. ३ जून २०२० च्या वादळात आमच्या आगरातल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, माड मोडले, कलमं मुळासकट उपटली गेली. त्यानंतर कित्येक दिवस वाडीतले रस्ते आणि लोकांच्या छपरांवरची झाडं मी याच मशीनने मोकळी केली. त्याच दिवसांत एकदा कव्हर काढून फिनांमध्ये, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये, बसलेला भुसा खरवडत असताना मशीन पडवीच्या पायरीवरून जांभ्यावर पडली आणि सिलिंडरच्या एका फिनचा नखाएवढा कोपरा उडाला. डाव्या बाजूची, खालून तिसरी फिन. काम चालत होतं म्हणून मी तिकडे पुन्हा लक्ष दिलं नाही. पण दरवर्षी साफसफाई करताना दाताचा ब्रश त्या तुटक्या कोपऱ्यावर अडायचा, म्हणून ती जागा हाताला पाठ झाली होती.

घरची देखभाल मी स्वतःच करतो. पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टू-टी ऑइल, एअर फिल्टर दर दोन दिवसांनी, चेनला कानस रोज. पावसाळ्यात मशीन बंद ठेवायची झाली तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवतो, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत चार महिन्यांत कार्बोरेटरचा पडदा कडक होतो, पाइप चिरतात. शिवाय एका वहीत दरवर्षी मार्चमध्ये थंड मशीनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून लिहून ठेवतो. मोटारसायकलवाल्यांकडे असतो तोच गेज, प्लगच्या जागी लावायचा आणि दोरी आकडा चढायचा थांबेपर्यंत ओढायची. मार्चचा आकडा होता १५० पीएसआय. या वहीनेच पुढे मला डोळे दिले.

मे सुरू झाला तसा बिघाड दिसू लागला. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नव्हता, दोन-तीन सेकंद वरच लोंबकळायचा. मशीन कुशीवर कलंडली की आवाज आपोआप चढायचा. प्लग काढून पाहिला तर टोक पांढरट पडलेलं. ही लक्षणं ज्याने पाहिली आहेत त्याला कळेल: क्रँकचं ऑइल सील कुठेतरी हवा ओढतंय. अशा मशीनवर काम करत राहणं म्हणजे पिस्टन मारणं. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, हवा जास्त झाली की पेट्रोल कमी पडतं, म्हणजे तेलही कमी पडतं, आणि मग पिस्टन तापून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतो.

या मॉडेलचं सील बाहेरून बदलता येतं. एका बाजूने मॅग्नेट, म्हणजे चुंबक असलेलं चाक, काढायचा, दुसऱ्या बाजूने क्लच आणि ऑइल पंप. सिलिंडरला हात लावावा लागत नाही. मला हे माहीत होतं. पण मॅग्नेटचा पुलर माझ्याकडे नव्हता, पाऊस तोंडावर होता, लोकांच्या छपरांवर आलेल्या फांद्या आणि चुलीची लाकडं अशी कामं घेऊन ठेवली होती. म्हणून मी बाहेर दिली. दोन सील, मजुरी धरून २८०० रुपये ठरले. आठशे आगाऊ दिले. पावती मागितली तर म्हणाला, "भाऊ, एवढ्याशा कामाला पावती कसली? नंबर देऊन जा." मी नंबर देऊन आलो. चूक झाली ती इथेच.

पाचव्या दिवशी फोन आला, मशीन तयार आहे, "पण निघायच्या आधी फोन करा." तेव्हा वाटलं, माणूस दुकानात असेल-नसेल म्हणून सांगत असेल. मी पोचलो तेव्हा मशीन बाकावर होती. त्याने दोरी ओढली, एका झटक्यात चालू. आंब्याचा एक ओंडका पडला होता, त्यात बार घातला, सरसर उतरला. धूर मात्र नेहमीपेक्षा बराच होता. विचारलं तर म्हणाला, नवं सील आहे, ग्रीस जळतंय, एक टाकी झाली की थांबेल. मी उरलेले २००० दिले. मशीन उचलताना सायलेन्सरकडची बाजू मांडीला टेकली आणि चटका बसला, म्हणजे मी येण्याआधीच ती चांगली तापवून ठेवली होती. तरी मला काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड मशीन चालू होईना. चोक देऊन वीस-बावीस वेळा दोरी ओढली. दोरीच हलकी लागत होती. जो माणूस एकच मशीन वर्षानुवर्षं ओढतो त्याला तो फरक खांद्यात कळतो. गेज लावला: १०५.

मग मी पडवीत गोणपाट अंथरून सगळं उघडलं. कव्हर काढलं आणि सवयीने ब्रश घेऊन फिनांमधून फिरवला. ब्रश कुठेच अडला नाही. डाव्या बाजूची, खालून तिसरी फिन अखंड होती. मी मशीन उजेडाकडे वळवून पुन्हा पाहिलं, बोट फिरवलं. पूर्ण, धडधाकट कोपरा. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी तसाच बसलो होतो.

सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन पाहिला. माझा पिस्टन तपकिरी, गुळगुळीत होता. हा चकचकीत होता, पण सायलेन्सरच्या बाजूला चार उभे ओरखडे, नख फिरवलं तर अडत होतं. भोकाच्या काठाला आतला मुलामा सुटून बारीक पापुद्रा उठलेला. म्हणजे नकली, आणि तोही नवा नाही, कुठल्यातरी दुसऱ्या मशीनमधून काढलेला. पुलर शेजारच्या गावातून मागून आणला आणि मॅग्नेट काढला. आत जुनंच सील. कडेला वर्षांचा घट्ट काळा मळ, जसाच्या तसा. ज्या कामाचे पैसे घेतले ते काम केलंच नव्हतं.

मग दुकानातलं सगळं उलगडलं. घासलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं की ते रिंगांच्या फटी भरतं आणि काही वेळ कॉम्प्रेशन चांगलं लागतं. सील हवा ओढतंय ते झाकायला कार्बोरेटरचे स्क्रू बाहेर फिरवून पेट्रोल वाढवायचं, मग आवाज लोंबकळत नाही. धूर होता तो या दोन्हींचा. आणि गरम इंजिन कसंही चालू होतं, म्हणून येण्याआधी फोन.

मी वही आणि मशीन घेऊन परत गेलो. आधी म्हणाला, सिलिंडर बदललाच नाही. फिन दाखवली तर म्हणाला, "बरं मग बदलला असेल पोराने. तुमचा खराब होता, चांगला घातला, वर पैसे नाही घेतले." मग माझा जुना परत दे म्हटलं. त्याने कोपऱ्यातून एक गोणी ओढून माझ्यासमोर उपडी केली. पंचवीस-तीस सिलिंडर, पिस्टन, तुटक्या रिंगा, सगळं काळं, तेलकट. "यात असेल. शोधा." मी जमिनीवर बसून एकेक उचलून पुसून पाहिला. तासभर. माझा त्यात नव्हता. असणारही नव्हता, तो तोवर दुसऱ्या कुणाच्या मशीनमध्ये विकला गेला असणार. माझ्यासारखंच कुणीतरी सील किंवा कार्बोरेटरसाठी मशीन देऊन गेलेलं, आणि त्या गोणीतला चांगला माल असाच जमा झालेला. त्या गोणीचा मला आजही राग येतो.

ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पण काय दिलं, काय बदललं, किती घेतले, यातलं एकही लेखी नसताना मी उभा कशावर राहणार? मशीन देतानाचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नव्हता.

आता मी ज्यांना ज्यांना भेटतो त्यांना हे सांगतो. मशीन द्यायच्या आधी कव्हर काढून सिलिंडर, कार्बोरेटर, कॉइल आणि नंबर असलेली पट्टी यांचे फोटो काढा, दुकानदारासमोर काढा, त्याला दिसू द्या. सिलिंडरच्या फिनवर आणि कार्बोरेटरच्या अंगावर खिळ्याने एक बारीक खूण करा, आतून, जिथे फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. कॉम्प्रेशन थंड असताना मोजून पावतीवर लिहून घ्या. बदललेले जुने सुटे भाग परत हवेत हे आधीच सांगा, आणि घेताना ते आपल्याच मशीनचे आहेत का ते फोटोशी ताडून पाहा. आणायला जाल तेव्हा आधी सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा. ऊब लागली तर मशीन पूर्ण थंड होईपर्यंत तिथेच बसा, दुकान बंद व्हायची वेळ झाली तर पैसे न देता दुसऱ्या दिवशी या. सायलेन्सर दोन-तीन बोल्टांवर असतो, तो काढून पिस्टन पाहायला दहा मिनिटं लागतात. नको म्हणणाऱ्याकडे मशीन टाकूच नका. जुनी मशीन विकत घेतानाही हेच करा, तिथे तर तेलाची युक्ती सर्रास चालते.

सील शेवटी मीच बदलले. प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन अडवला, क्लच उलट्या आट्यांचा असतो म्हणून घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवला, सगळं मिळून एक दुपार. दोन्ही सील साडेचारशे रुपयांना आली. मशीन चालते, फांद्या कापते, पण आडव्या पडलेल्या मोठ्या ऐनाला किंवा फणसाला ती घेऊन जायची माझी हिंमत होत नाही. अस्सल सिलिंडर घ्यायला पैसे साठवतो आहे.

तोवर, तुमच्याकडे किंवा ओळखीत एमएस ३८० असेल आणि गेल्या पावसाळ्याच्या आसपास तिला "जुना पण कंपनीचा" सिलिंडर बसवून घेतला असेल, तर एकदा कव्हर काढून पाहा. डाव्या बाजूची, खालून तिसरी फिन. नखाएवढा कोपरा नाही.