विक्रीवाढीवरून पुढचा ताळेबंद काढणारी एक्सेल शीट: दिवाळीपासूनचा अनुभव

रबाळे एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं युनिट आहे, हिशेब मी बघतो. कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेची कर्जमर्यादा) वाढवून हवं तर पुढच्या दोन वर्षांचे अंदाजित ताळेबंद द्या, असं बँकेने सांगितलं, तेव्हा आमच्या सीएंनी ही शीट हाती दिली. छोट्या कारखानदाराने ती शिकून घ्यावीच, असं माझं ठाम मत झालंय.

विक्रीवाढीचा टक्का एकदा भरला की नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद दोन्ही बदलतात. मला सगळ्यात आवडला तो प्रत्येक ओळीपुढचा रकाना: हा खर्च विक्रीबरोबर वाढतो की नाही? पत्रा, जॉबवर्क (बाहेरून करून घेतलेलं काम), टेम्पोभाडं वाढतं. गाळ्याचं भाडं तेच राहतं. घसारा, म्हणजे मशीनची दरवर्षी घटणारी किंमत, मशीनवर ठरतो. वीजबिल मात्र फोडून भरायचं, कारण डिमांड चार्ज, म्हणजे बिलातला ठरावीक आकार, जागचा हलत नाही, युनिटचे पैसे वाढतात. सगळ्यालाच सरसकट 20 टक्के लावले तर नफा उगाच कमी दिसतो.

खरा कस ताळेबंदात लागतो. विक्री 4 कोटींवरून 4.80 कोटी धरली आणि उधारी 90 दिवसांचीच राहिली, तर येणी सुमारे 99 लाखांवरून 118 लाखांवर जातात. नफा कागदावर, आणि जवळपास 20 लाख गिऱ्हाइकांकडे! पुरवठादारांना थांबवून ते भरून काढावेत, तर प्राप्तिकराची तरतूद (1961 च्या कायद्यातलं कलम 43बी(एच)) आडवी येते. सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असूनही 45 दिवसांपलीकडे गेलं आणि वर्षअखेर थकलेलंच राहिलं, तर त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही.

उरलेली तूट शीट बँकेच्या कर्जात टाकते. छोट्या उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठीच्या नायक समितीच्या सूत्राने 4.80 कोटींच्या विक्रीवर 20 टक्के, म्हणजे 96 लाखांची मर्यादा बसते. पण 5 टक्के, 24 लाख, पदरचे लागतात. हे आधीच दिसल्यामुळे आम्ही नवं बेंडिंग मशीन पुढे ढकललं.

अडचण व्याजाची. कर्ज वाढलं की व्याज वाढतं, नफा घटतो, पुन्हा कर्ज वाढतं. सूत्र असं फिरून स्वतःवरच आलं की एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची सूचना देत बसतं. ऑप्शन्समध्ये इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन (तोच हिशेब पुन्हापुन्हा करून उत्तर जुळवणं) चालू करता येतं. आम्ही मात्र व्याज वर्षारंभीच्या कर्जाच्या रकमेवर धरतो, थोडा फरक सोसतो.

वार्षिक शीटमध्ये महिन्याची ओढाताण मात्र दिसत नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, त्याच बिलाचे पैसे तीन महिन्यांनी येतात. त्यासाठी याच फाइलमध्ये रोकडीचं महिनावार पान जोडून घ्या.