एकही क्लिक न करता गेलेले ४२ हजार

देवगडात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. २०१३ साली आसपासच्या छोट्या ठेकेदारांची ऑनलाइन टेंडरंही मीच भरून द्यायचो. पाखाडी, साकव, संरक्षक भिंत, असली कामं. डिजिटल सहीसाठी ब्राउझरमध्ये जावा नावाच्या प्रोग्रामचं प्लगइन, म्हणजे जास्तीचा जोडतुकडा, लागायचं, आणि नवी आवृत्ती टाकली की सहीची खिडकी कधीकधी उघडायचीच नाही. म्हणून अपडेटची सूचना आली की मी 'नंतर' दाबायचो. कंट्रोल पॅनेलमध्ये जावाच्या तीन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत होत्या. नवी टाकली तरी जुनी आपण होऊन जातेच असं नाही, हे मला ठाऊकच नव्हतं.

जानेवारीचे दिवस. कलमांना मोहोर, मोहोरावर तुडतुडे. फवारणीची माहिती शोधताना एक पान उघडलं. ते धड उघडेचना. खाली घड्याळाशेजारी जावाचा वाफाळता कप क्षणभर दिसला आणि गेला. मी पान बंद केलं. कशावर बोट ठेवलं नाही, काही डाउनलोड केलं नाही.

हे कसं होतं ते पुढे भाच्याने सांगितलं. साध्यासुध्या साइटमध्ये घुसून कोणीतरी एक न दिसणारी चौकट बसवून ठेवतो. आलेल्या ब्राउझरमध्ये कुठलं प्लगइन, कितवी आवृत्ती, हे ती गुपचूप तपासते आणि जुनं सापडलं की त्याच्याच भोकातून ट्रोजन, म्हणजे मशीनमध्ये लपून बसणारा चोर प्रोग्राम, आत सोडते. नेमक्या त्याच महिन्यात जावा ७ मधलं असं एक भोक जगभर गाजत होतं. १३ जानेवारीला आलेलं 'अपडेट ११' त्यासाठीच होतं. माझ्या जुन्या आवृत्त्यांची तर चाळण झालेली. हे काम करणारी तयार किटं भाड्याने मिळत. 'ब्लॅकहोल' त्यातलं सगळ्यात बदनाम. त्याचा कर्ता त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियात पकडला गेला. माझ्यावर कुठलं चाललं, देव जाणे.

चार दिवसांनी एका ठेकेदाराने साकवाच्या टेंडरची बयाणा रक्कम माझ्या खात्यात भरली. मी बँकेचं पान उघडलं. पत्ता बरोबर, कुलपाची खूण बरोबर. फक्त एक रकाना जास्तीचा: संगणकाच्या खात्रीसाठी मोबाईलवर आलेला आकडा टाका. टाकला. दुपारी खात्यातले ४२ हजार गायब. पान खरंच बँकेचं होतं. तो रकाना माझ्याच मशीनमधल्या ट्रोजनने घुसडलेला. आणि मेसेजमध्ये 'नवीन लाभार्थी जोडण्यासाठी' असं सरळ लिहिलेलं. मी आकडा तेवढा वाचला होता.

दुरुस्तीवाला आला, अँटिव्हायरसने दाखवलेली एक फाइल उडवली, दीड हजार घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तीच फाइल हजर! पैसे परत मागितले तर म्हणे, "नवीन व्हायरस असेल." ही दुसरी फसवणूक, आणि खरं सांगायचं तर हिचाच राग जास्त आला.

मग भाच्याने फोनवरून एकेक करून घेतलं. आधी नेटची वायर उपटायला लावली. सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदलायचे. त्याच मशीनवर बदलले तर नवेही चोरालाच मिळतात. एफ-८ दाबून सेफ मोड, म्हणजे गरजेपुरतेच प्रोग्राम चालू ठेवून मशीन सुरू करणं. तिथे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत अर्थहीन अक्षरांचं एक नाव सापडलं, ते बंद केलं. जावाची साठवण रिकामी केली, कारण आत आलेल्या फाइली तिथेही पडून होत्या. तिन्ही जावा काढल्या. मशीन मागच्या स्थितीत नेणारे सिस्टिम रिस्टोअरचे जुने टप्पे पुसले. दुसरीकडे बनवलेल्या सीडीवरून मशीन सुरू करून तपासणी केली. एवढं होऊनही तो म्हणाला, "मामा, बँकेचं काम करायचं मशीन आहे, फॉरमॅटच करा." केलं.

आता ब्राउझरांत ती प्लगइनंच उरली नाहीत. क्रोमने २०१५ मध्ये दार लावलं, व्हिडिओ-गेम दाखवणारं फ्लॅश प्लगइनही ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. त्यामुळे 'फ्लॅश अपडेट करा' असं कुठे दिसलं तर ते शंभर टक्के खोटं. पण जुनी मशीनं आपल्याकडे जपून वापरतात. सरकारी कामासाठी जुना ब्राउझर, जुनी जावा ठेवलेलीच असेल तर त्या मशीनवर बाकी काही उघडू नका, फवारणीसुद्धा नाही. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केलेल्या नियमात कळवायला तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत होती, पण आकडा स्वतःच्या हाताने दिला असेल तर बँक तेच पुढे करते. माझे पैसे आले नाहीत. बयाणा मी सोनं गहाण ठेवून भरला.

तो ठेकेदार अजून दुकानात येतो. माझ्या मोबाईलवर मेसेज वाजला की बाकावरूनच ओरडतो, "सगळो वाच रे, नुसतो आकडो नको!"